जर्मनमध्ये ‘आल्स’ आणि ‘वी’च्या आधी कोमा कधी द्यायचा?

नाशिकमध्ये जर्मनच्या ए2, बी1 या पातळ्यांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या वह्या तपासल्या, तर ‘आल्स’ (-पेक्षा) आणि ‘वी’ (-सारखं, -इतकं) असलेल्या तुलनेच्या वाक्यांत कोमा दोन तऱ्हांनी चुकलेला दिसतो. मराठीच्या सवयीने लिहिणारे वाचताना जिथे थांबतात तिथे तो देतात. इंग्रजीच्या सवयीचे तो देतच नाहीत, कारण तिथे अशा जागी कोमा नसतो. जर्मनमध्ये कोमा वाक्यरचनेवरून ठरतो. (इथली उदाहरणं देवनागरीत आहेत, सराव करताना ती जर्मन स्पेलिंगने लिहून काढा.)

आधी वाक्यातल्या ‘आल्स’ किंवा ‘वी’ला गोल करा. त्याच्या पुढच्या भागात कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद शोधा: इस्ट, वार, हाट, डाख्टे असं काहीतरी. सापडलं तर ते नेबेनझात्स (उपवाक्य) आहे, कोमा हवाच. नाही सापडलं तर कोमा नाही.

‘नाशिक इस्ट क्यूलर आल्स मुंबई.’ (नाशिक मुंबईपेक्षा थंड आहे.) पुढे फक्त नाम, म्हणून कोमा नाही.
‘नाशिक इस्ट क्यूलर, आल्स इश डाख्टे.’ (मला वाटलं होतं त्यापेक्षा थंड आहे.) पुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही, म्हणून कोमा.

‘वी’लाही हेच लागू. ‘डी मिसळ इस्ट झो शार्फ वी गेस्टर्न’ (कालच्याइतकीच तिखट) यात कोमा नाही. ‘डी मिसळ इस्ट झो शार्फ, वी इश झी माग’ (मला आवडते तेवढी तिखट) यात आहे. क्रियापद शेवटी गेलंय, हीसुद्धा नेबेनझात्सची खूण. वाक्य लांब असलं म्हणून कोमा येत नाही: ‘आल्स’नंतर सहा-सात शब्द आले, पण क्रियापद नसेल, तर हात आवरा.

खरी फसगत ‘गेप्लांट’, ‘एरवार्टेट’ यांसारख्या शब्दांपाशी होते. ‘डेर त्सूग काम श्पेटर आल्स गेप्लांट’ (गाडी ठरल्यापेक्षा उशिरा आली) यात ‘गेप्लांट’ क्रियापदासारखं दिसतं आणि हात आपोआप कोमा देतो. ते नुसतं धातुसाधित आहे, कर्त्याप्रमाणे बदलत नाही, म्हणून कोमा नाही. तेच ‘आल्स एस गेप्लांट वार’ लिहिलं, की ‘वार’मुळे कोमा आला. ईमेलमध्ये हमखास लागणारं ‘झो श्नेल वी म्योगलिश’ (शक्य तितक्या लवकर) कोमाशिवायच लिहायचं.

दुसरी चूक सुरुवातीचा कोमा बरोबर दिल्यावर होते. नेबेनझात्स मध्ये आला तर तो दोन्ही बाजूंनी बंद करावा लागतो:

‘डी प्र्यूफुंग वार श्वेरर, आल्स इश डाख्टे, उंड डाउअर्टे लांगे.’ (परीक्षा वाटलं होतं त्यापेक्षा अवघड होती आणि बराच वेळ चालली.)

‘उंड’च्या (आणि) आधी कोमा नसतो हे इतकं घोकलेलं असतं, की दुसरा कोमा गळतो. पण हा कोमा ‘उंड’चा नाहीच, तो ‘आल्स’च्या उपवाक्याला मिटवतो.

कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद नसूनही कोमा येतो अशी एक जागा म्हणजे ‘त्सु’ आणि क्रियापदाचं मूळ रूप असलेली रचना: ‘एस गिप्ट निष्ट्स श्योनरेस, आल्स आम ऊफर डेर गोदावरी त्सु झित्सन’ (गोदाकाठी बसण्यासारखं सुख नाही). 1996च्या जर्मन शुद्धलेखनाच्या सुधारणेनंतर ‘त्सु’च्या बऱ्याच रचनांपुढचा कोमा ऐच्छिक झाला होता, पण ‘आल्स’ने सुरू होणाऱ्या रचनेला तो 2006 पासून सक्तीचा आहे. जुनं व्याकरणाचं पुस्तक वापरत असाल तर हे ताडून बघा.

‘ये… डेस्टो’मध्ये (जितकं… तितकं) विचार करायलाच नको, कोमा दर वेळी ‘डेस्टो’च्या आधी: ‘ये ह्योअर मान श्टाइग्ट, डेस्टो क्यूलर विर्ट एस.’ (जितकं वर चढावं तितकं थंड होतं.) ब्रह्मगिरी चढताना म्हणून बघा, पाठ होईल. ‘आल्स ऑप’ही (जणू काही) सोपं, त्याच्या आधी कोमा येतोच.

आता तुलनेचे नसलेले ‘आल्स’. ‘इश आर्बाइटे आल्स लेरर’ (शिक्षक म्हणून) यात कोमा नाही. ‘झोवोल… आल्स आउख’मध्येही (हेही आणि तेही) नाही, इथे तर कोमा देण्याचा मोह भलताच असतो. काळ दाखवणारा ‘आल्स’ मात्र उपवाक्यच सुरू करतो, आणि ते आधी आलं तर कोमा त्याच्या शेवटी पडतो: ‘आल्स इश इन नाशिक आनकाम, रेग्नेटे एस.’ (मी नाशिकला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता.)