ग्रीसआल्प ते कांडरश्टेग: आधी परतीची बस, मग बूट

तयारी परतीच्या बसपासून सुरू करायची. बाकी सगळं नंतर.

स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागात ग्रीसआल्पला (१४०८ मीटर) जाणारी पिवळी पोस्टबस राइखेनबाख स्टेशनाबाहेरून सुटते, किएनटाल गावातून पुढे जाते आणि शेवटच्या टप्प्यात २८ टक्के चढाची वळणं घेत वर पोचते. तिथून होटुर्ली खिंड (२७७८ मीटर) ओलांडून पलीकडे कांडरश्टेगला उतरायचं, असा हा बेत. सकाळी बस, संध्याकाळी ट्रेन. दिशा हीच ठेवा, कारण कांडरश्टेगहून ट्रेन रात्रीपर्यंत मिळतात, ग्रीसआल्पहून बस मिळत नाही. पण घोळ इथेच होतो. ट्रेननेच परतायचं आहे म्हटल्यावर ग्रीसआल्पहून शेवटची बस कितीला, हे कोणी बघतच नाही. बघा. खिंडीच्या अलीकडे आभाळ भरून आलं, गुडघा बोलायला लागला, बर्फ आडवा आला, तर परत यायचं ते ग्रीसआल्पलाच. आणि अशा दिवशी तिथे पोचायला हमखास उशीर होतो.

बघायचं कसं? एसबीबी मोबाइल हे स्विस रेल्वेचं अ‍ॅप उघडा. तारीख जायच्या दिवसाचीच घाला. अ‍ॅप आपणहून आजची धरतं, आणि तुम्ही बुधवारी घरबसल्या पाहिलेली बस रविवारी असेलच असं नाही. बस उन्हाळी हंगामातच वरपर्यंत जाते, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी तर दोनदा तपासावं. निघण्याचं ठिकाण ग्रीसआल्प, पोचण्याचं राइखेनबाख, वेळ संध्याकाळची. मग खाली सरकत राहा. एकदम दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिसली की तिच्या आधीची ती शेवटची बस. ती आणि तिच्या आधीची, दोन्ही वेळा कागदावर लिहा. हो, कागदावर. दरीत रेंजचा भरवसा नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. वर पोचल्यावर थांब्यावरच्या छापील तक्त्याशी कागद ताडून पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सह्याद्रीत शेवटची एसटी चुकली तर एखादी जीप मिळते, नाहीतर देवळात पथारी पसरता येते. इथे बस चुकली तर सात-आठ किलोमीटर डांबरी उतार तुडवत किएनटाल, तेही दिवसभराच्या चालीनंतर. बस वेळेवर सुटते, कंडक्टर नसतो, तुमच्यासाठी कोणी थांबवत नाही. गाडी लहान असते आणि रविवारी ऊन पडलं की सगळे शेवटच्याच बसला गर्दी करतात, म्हणून हिशेब आधीच्या बसचा धरावा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर पोस्टऑटोकडे, म्हणजे ही बस चालवणाऱ्या कंपनीकडे, आधी नोंदणी करा, आयत्या वेळी गयावया करून उपयोग नाही.

आता मागे फिरायची वेळ काढा. समजा शेवटची बस १७:३० ची आहे. थांब्यावर वीस मिनिटं आधी, म्हणजे १७:१०. खिंडीतून ग्रीसआल्पपर्यंत उतरायला वाटेवरच्या पिवळ्या दिशादर्शक पाटीवर तीन तास लिहिले असतील, तर त्यात विश्रांती धरलेली नसते. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा त्या पाट्यांचा हिशेब आहे. फोटो, पाणी आणि आपले गुडघे धरून तीस टक्के वाढवा. उत्तर येतं साधारण सव्वा वाजता. सव्वापर्यंत खिंडीवर पाय नाही पडला तर वळायचं. ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं ऐकायचं नाही. हीही वेळ त्याच कागदावर, बसच्या वेळेखाली.

म्हणजे सकाळची पहिली बसच पकडायची. १३७० मीटर चढ आहे. सुरुवातच कळसूबाईपेक्षा जेमतेम २४० मीटर कमी उंचीवरून होते आणि खिंड तिच्या माथ्यापेक्षा हजारावर मीटर उंच. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि त्या वेळी खिंडीवर असू नये.

वाटेवर खुणा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या आहेत, म्हणजे डोंगरवाट. नुसत्या पिवळ्या खुणांची फिरायची वाट नव्हे. शेवटच्या टप्प्यात सुटी खडी, लाकडी पायऱ्या, धरायला तारा. खिंडीत बर्फ जुलैतही उरलेला असू शकतो. खिंडीच्या जरा वर ब्ल्यूम्लिसआल्प हट, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर आहे, तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारा. वाटेची खरी स्थिती त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नसते. स्विसटोपो या नकाशांच्या अ‍ॅपवर बंद वाटा दिसतात, नकाशा घरीच उतरवून घ्या. ग्रीसआल्पच्या बसची वेळ लिहिली ना? नसेल तर आधी ते.

सामान: घोटा झाकणारे, खाचा न झिजलेले बूट. काठ्या दोन, उतारासाठी. शंभर मीटरला साधारण ०.६ अंश या हिशेबाने खिंडीत ग्रीसआल्पपेक्षा आठ अंश कमी, वर वारा. म्हणून फ्लीस, वारा अडवणारं रेनजॅकेट आणि पातळ हातमोजे, कारण ओल्या तारा हाताला झोंबतात. छत्री-पोंचो घरी. पाणी माणशी दोन लिटर. वर भरवशाचं पाणी धरू नका आणि गाई चरतात त्याखालचा ओढा कितीही नितळ दिसला तरी पिऊ नका. दशम्या, ठेपले, गूळ-शेंगदाणे, जे रोज पचतं ते. टोपी, गॉगल, सनस्क्रीन. थोडे फ्रँक रोख. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो बसमध्ये चालतो.

विम्यात डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर आहे का, हे पॉलिसीत शब्दशः वाचा. हेलिकॉप्टर-सेवा रेगाचा नंबर १४१४, रेंज अंधुक असेल तर ११२. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून उभं राहायचं. एकच हात वर म्हणजे नको.

वासरं सोबत असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. फोटोसाठी तर मुळीच जवळ जाऊ नका.

पलीकडचा उतार लांब आहे, एशिनेन तळ्यापर्यंतच बाराशे मीटर. घाई नको. हटवर मुक्काम करायचा असेल तर आधी बुकिंग, आणि आपली झोपायची पातळ खोळ न्यावी लागते. तळ्यापासून थोडं चालल्यावर कांडरश्टेगला जाणारा रोपवे आहे, शेवटची फेरी चुकली तर सव्वा तास पायी. ट्रेनचं तिकीट चढण्याआधी काढा, डब्यात मिळत नाही.