पावसाळ्यात विहिरीचं पाणी प्यायचं असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नीट कसं टाकायचं

पाऊस लागला की सगळी घाण विहिरीत उतरते, आणि पाणी नितळ दिसतंय म्हणून चांगलं असं नसतं हो. आधी विहिरीत पाणी किती ते काढा, व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, म्हणजे ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर साधारण ६३ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे इथे १६० ग्रॅमच्या आसपास. पावडर डायरेक्ट फेकायची नाही (बऱ्याच ठिकाणी तेच चालतं!), बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली पाऊण भरायची, दहा मिनिटांत चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोरीने खालीवर हलवायची. चुना विहिरीत नको. रात्री टाकलेलं बरं, सकाळपर्यंत मुरतं.

तासाभराने ओटी टेस्ट करा (थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायचा), ते पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन आहे, रंगच नाही आला तर परत डोस. पोतं उघडं राहिलं असेल तर पावडरीचा दम गेलेला असतो, वास उग्र येतोय का बघा.

फ्लोराईड, नायट्रेट मात्र टीसीएलने जात नाही आणि उकळून तर उलट वाढतं, त्यासाठी सॅम्पल लॅबलाच द्यायचं, ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला विचारा. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधाला ते पाणी अजिबात वापरू नका.