रिव्हिजन आणि मॉडेलचा संग्रह: या चुका टाळा

साईटवरची भिंत आणि ड्रॉइंगमधली भिंत जुळत नाही, तेव्हा पहिला प्रश्न असतो: साईटवर गेलेलं शीट (ड्रॉइंगचं पान) नेमकं कुठलं? कॉम्प्युटरवरचं इमारतीचं चालू मॉडेल उघडून याचं उत्तर मिळत नाही, कारण ते तोवर बरंच पुढे गेलेलं असतं. बाहेर गेलेलं शीट आणि त्याच क्षणाचं मॉडेल ही जोडी जपलेली हवी.

जुने क्लाउड पुसून टाकणे

रेव्हिट हे इमारतीचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते. नवं रिव्हिजन (शीटची सुधारित आवृत्ती) निघालं की शीट स्वच्छ दिसावं म्हणून आधीचे क्लाउड, म्हणजे बदललेल्या भागाभोवतीच्या ढगासारख्या रेषा, डिलीट केले जातात आणि टायटल ब्लॉकच्या (शीटवरच्या माहितीच्या चौकटीच्या) तक्त्यातली त्यांची ओळही गायब होते. ती ओळ क्लाउडच्या जिवावरच उभी असते. क्लाउड असलेला व्ह्यू शीटवरून काढला तरी तेच घडतं, आणि हे कुणाच्या पटकन लक्षात येत नाही.

क्लाउड नको असतील तर रिव्हिजनच्या डायलॉगमध्ये त्या रिव्हिजनचं 'शो' हे 'नन' (None) करा. क्लाउड दिसत नाहीत, ओळ राहते. आधीच पुसले असतील तर शीटच्या प्रॉपर्टीजमधलं 'रिव्हिजन्स ऑन शीट' उघडून तिथे खूण करा. पूर्ण सेट नव्याने निघतो आणि बदलांभोवती क्लाउड आखण्यात अर्थ नसतो, तेव्हाही हीच सोय वापरावी.

'इश्यूड'ची खूण काढून दुरुस्ती करणे

क्लाउड जोडता येत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा त्या रिव्हिजनवर 'इश्यूड'ची, म्हणजे ते बाहेर दिलं गेल्याची, खूण असते. खूण काढायची, क्लाउड टाकायचा, पुन्हा खूण करायची. रेव्हिट हे मुकाट्याने करू देतं, पण आता एकाच क्रमांकाची दोन वेगळी शीटं झाली. राहिलेला बदल कितीही किरकोळ असला तरी पुढच्या रिव्हिजनमध्येच घाला.

रिव्हिजनचे क्रमांक प्रोजेक्टनुसार की शीटनुसार, हेही पहिलं शीट बाहेर जाण्याआधी ठरवा. मध्येच बदललं तर जुने आकडे हलू शकतात. 'फायनल', 'फायनल नवीन' अशा नावांबद्दल काय बोलावं! बांधकामाच्या माहितीच्या व्यवस्थापनाचं मानक असलेल्या आयएसओ 19650 च्या ब्रिटनमधल्या राष्ट्रीय परिशिष्टात प्राथमिक शीटला पी01 आणि करारातल्या शीटला सी01 असे क्रमांक आहेत. तुमची पद्धत वेगळी असली तरी हा भेद नुसत्या क्रमांकावरून कळायला हवा.

बॅकअपलाच संग्रह समजणे

रेव्हिट ठरावीक संख्येनंतर जुने बॅकअप स्वतःच पुसतं. ऑटोकॅडच्या बीएके फाइलमध्ये फक्त आधीच्या सेव्हची स्थिती असते. संग्रह मुद्दाम करावा लागतो.

तो करताना सर्वात जास्त हरवतात त्या बाहेरच्या फाइल. रेव्हिटमध्ये लोड केलेल्या फॅमिली (दारं-खिडक्यांसारखे तयार घटक) मॉडेलच्या आतच राहतात, पण लिंक केलेली मॉडेलं, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंगं) आणि पॉइंट क्लाउड (लेझर स्कॅनचे बिंदू) नाही. ते रेव्हिटच्या 'ईट्रान्समिट' या सोयीने एकत्र गोळा करा, आणि पॉइंट क्लाउड त्यात आला नसेल तर वेगळा कॉपी करा. सेंट्रल फाइल (अनेकजण मिळून काम करतात ती सामायिक फाइल) असेल तर 'डिटॅच' (वेगळी) करून ठेवा, म्हणजे कुणाची लोकल फाइल चुकून तिच्याशी जोडली जाणार नाही. आर्चिकॅड या दुसऱ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये पीएलएन ही नेहमीची प्रोजेक्ट फाइल पुरत नाही, कारण लायब्ररी (तयार वस्तूंचा साठा) बाहेर असू शकते. पीएलए (संग्रहाची फाइल) म्हणून सेव्ह करताना लायब्ररीतल्या वस्तू सोबत घेण्याचा पर्याय सुरू आहे का ते तपासा. मग ती फाइल ऑफिसच्या सर्व्हरशी न जोडलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. काय राहून गेलं ते तिथेच कळतं.

आवृत्तीची नोंद न ठेवणे

नव्या आवृत्तीत सेव्ह झालेलं रेव्हिट मॉडेल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून फोल्डरच्या नावातच आवृत्ती लिहा, आणि मूळ फाइलसोबत इश्यू झालेल्या शीटांची पीडीएफ व मॉडेलची आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी खुली फाइल) ठेवा. आयएफसीत भूमिती आणि माहिती येते, पण मूळ मॉडेलसारखं संपादन करता येत नाही, तेव्हा ती बदली म्हणून धरू नका. पुढे कधी संग्रहातलं मॉडेल पाहायची वेळ आली तर त्याची प्रत काढून ती उघडा. मूळ फाइलच उघडून नव्या आवृत्तीत सेव्ह केली, तर ती कायमची अपग्रेड होते.