डिटेक्टरची कॉइल पावसात टिकवायची तर

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतून तार आणून मेटल डिटेक्टरची कॉइल गुंडाळली आणि उत्साहाच्या भरात सुपर ग्लूच्या चार ट्यूब तिच्यावर रिकाम्या केल्या. दोन दिवसांत भस्म फासल्यासारखा पांढरा थर आला. गच्चीच्या कठड्यावर एकदा आपटली, तर ग्लू काचेसारखा तडकला. मग नुसत्या गवताला घासली तरी पी-पी सुरू!

वेढे जरासे हलले तरी डिटेक्टरला तो सिग्नल वाटतो. ओल शिरली तर कपॅसिटन्स (वेढ्यांची विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, ट्यूनिंग सरकतं. सुपर ग्लू वेढे धरून ठेवतो, पण ठिसूळ असल्यामुळे बाहेरचं कवच म्हणून तो कुचकामी.

१. पल्स इंडक्शन (कॉइलला विजेचे तुटक झटके देणाऱ्या) डिटेक्टरसाठी २० सेंमी व्यासावर ०.५ मिमी इनॅमल (लाखेसारखं आवरण असलेल्या) तारेचे २५-२६ वेढे घ्या. इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. दर तीन-चार सेंमीवर नायलॉनच्या दोऱ्याने आवळा. सुती दोरा नको. सुपर ग्लू कापसावर पडला की भराभर तापतो, धूरही निघतो. माझ्या अंगठ्याला फोड आला होता.

२. प्रत्येक गाठीवर पातळ ग्लूचा एकच थेंब. तो आपोआप वेढ्यांमध्ये ओढला जातो. खिडकी उघडी ठेवा. वाफ डोळ्यांना झोंबते, आणि पांढरा थर येतो तोही तिच्यामुळेच.

३. केबल सोल्डर करून कॉइल आधी डिटेक्टरला लावून बघा. एकदा बाहेरच्या कवचाचं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) ओतलं की आत हात घालता येत नाही.

४. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात इन्सुलेटिंग वार्निश मिळतं. हवेवर वाळणारंच मागा, भट्टीत भाजावं लागणारं नको. ब्रशने दोन हात द्या. पूर्ण वाळल्याशिवाय कॉइल तिच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवू नका, वार्निशमधल्या थिनरने खोक्याचं एबीएस प्लॅस्टिक विरघळतं.

५. आता इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर पाकिटावरच्या प्रमाणातच घ्या. 'जरा जास्त हार्डनर' हा शहाणपणा अंगाशी येतो. रेझिनची बाटली आधी गरम पाण्यात उभी केली की ते पातळ होतं आणि बुडबुडे वर येतात. एकदम भरून ओतलं तर ते तापतं, म्हणून दोन पातळ थर द्या. कॉइल जिथे बसते तेवढीच खाच भरा. अख्खं खोकं भरलंत तर तासाभरात खांदा बोलायला लागेल.

६. वरून रंग द्यायचाच असेल तर साधा द्या. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते, ती या कामाला नको.

तळाला प्लॅस्टिकचं झाकण बसवा, दगडगोटे त्यालाच घासू देत. फेरी झाली की ते काढून धुवायचं. आपल्याकडच्या बेसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइट असतं. ती झाकणाच्या आत साठली की पुन्हा खोटे आवाज येतात.

आणि हो, हे यंत्र घेऊन किल्ल्यांवर जाऊ नका. शेतातही मालकाला विचारूनच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.