पाव सेकंदाचा भ्रंश

भूकंपलहरींवरून भ्रंशाचं, म्हणजे जमिनीखाली खडक तुटून सरकलेल्या जागेचं, चित्र काढायला शिकायचंय असं सांगत येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, "सर, सॉफ्टवेअर कोणतं?" भूकंपाच्या नोंदी वाचणारं ऑब्सपाय घ्या, फुकट आहे, पायथन येत असेल तर आठवड्यात हात बसतो. तेवढ्यावर तो विषय संपतो.

वेळ जातो तो पिकिंगमध्ये. भूकंपमापकाच्या नोंदीवर पी लहर (आधी पोचणारी, वेगवान) नेमकी कुठे उठली आणि एस (मागून येणारी, मंद) कुठे, यावर डोळ्यांनी खूण करायची. दोन्हींतलं अंतर 2 सेकंद असेल तर भूकंप साधारण 16 किलोमीटरवर, हे तोंडपाठ होतं. आमच्या नशिबाने कोयना जवळ आहे. 1962 मध्ये धरणात पाणी साठू लागलं, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का बसला (आजी अजून मांडणीवरून पडलेल्या भांड्यांची गोष्ट सांगते), आणि छोटे धक्के आजही चालू आहेत. शिकणाऱ्याला एवढं जवळचं पुस्तक दुसरं नाही.

पण त्याआधी एकदा घण हातात घ्या. सिंहगडाच्या बाजूला एका माळावर आम्ही दोन-दोन मीटरवर 24 जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे सेन्सर) रोवले आणि लोखंडी प्लेटवर घण मारत बसलो. गावातले काका तासभर बघून म्हणाले, "पाणी लागलं का?" आम्ही कपाळाला हात लावला, पण प्रश्न रास्त होता, आम्हीही जमिनीखालचे थरच शोधत होतो. आपल्या दख्खनच्या दगडात कठीण काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) किंवा तांबडा थर येतो. वरच्यापेक्षा खालच्या थरात लहरींचा वेग कमी असला की लहर खालच्या दिशेला वळते, आणि रिफ्रॅक्शनमध्ये (थराला लागून वळून परत वर येणाऱ्या लहरींवरून थर ओळखण्याच्या या पद्धतीत) तो थर दिसतच नाही. पुस्तकात ही एक ओळ असते, माळावर ती दिवसभर छळते.

भ्रंश म्हणजे एक रेघ, ही समजूतही सोडा. रेघेच्या आजूबाजूला बरीच रुंद, चुरडलेली पट्टी असते. भेगा आणि पाणी यांमुळे तिथे लहरी मंदावतात, काही तर त्या पट्टीतच अडकून वाजत राहतात. टोमोग्राफी, म्हणजे अनेक लहरींच्या पोचण्याच्या वेळांवरून जमिनीच्या आतलं चित्र काढणं, ती मंद पट्टी शोधते.

मला एकदा अशी सुरेख पट्टी सापडली. एका भूकंपमापन केंद्राखाली, चित्रात लालभडक. दोन महिने मी तिच्यावर खूश होतो. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "एस किती उशिरा येतेय?" पी पाव सेकंद उशिरा, एसही पाव सेकंदच. खडक खरोखर चुरडलेला असता तर एस पीपेक्षा जास्त रखडली असती. शिवाय उशीर सगळ्या दिशांनी येणाऱ्या लहरींना सारखाच, आणि एका ठरावीक तारखेनंतरचा. म्हणजे खाली भ्रंश नव्हता, वर घड्याळ चुकत होतं. केंद्राचं घड्याळ जीपीएसवर लागतं, आणि नोंदीबरोबरची जीपीएसची लॉग मी उघडूनच पाहिली नव्हती.

केंद्रावर जाऊन पाहिलं तर जीपीएस अँटेनाची वायर माकडांनी उपटून कौलांवर टाकलेली.