मदरबोर्डातलं तांबं जिवाणूंकडून काढताय? या चुका टाळा

कुर्ला-साकीनाक्याच्या भंगारातून आणलेल्या बोर्डांवरचा हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत फसला, की खापर जिवाणूंवर फुटतं. खरं तर बहुतेक वेळा चुकतो तो आम्लाचा हिशेब. तांबं विरघळवतं फेरिक लोह (Fe³⁺), आणि ते करताना त्याचं फेरस (Fe²⁺) होतं. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू त्या फेरसचं पुन्हा फेरिक करत राहतो, आणि त्यासाठी त्याला पीएच 2 च्या आसपास लागतो.

सगळ्यात महागात पडतं ते पहिल्याच दिवशी भुकटी टाकणं. बोर्डाची भुकटी आम्ल खाते. पीएच 2.5 च्या वर गेला की लोह जॅरोसाइट (लोहाचं न विरघळणारं सल्फेट) होऊन पिवळट साक्यात बसतं आणि तोच साका कणांना झाकून टाकतो. म्हणून आधी 9के माध्यमात (हा जिवाणू वाढवण्याचं पोषक द्रावण, लिटरला 44 ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट) जिवाणू वाढवा. फिकट हिरवा रंग लालसर तपकिरी झाल्यावरच लिटरला 10 ग्रॅम भुकटी घाला. पुढचे दोन दिवस दर काही तासांनी पीएच मोजून विरळ सल्फ्युरिक आम्लाने 2 च्या खाली आणत राहा.

तांबं येत नाही म्हणून आणखी फेरस ओतू नका. 44 ग्रॅममध्ये लोह सुमारे 9 ग्रॅम असतं आणि ते एका फेरीतच 5 ग्रॅम तांबं विरघळवू शकतं. 20 टक्के तांबं धरलं तरी 10 ग्रॅम भुकटीत ते 2 ग्रॅमच. लोह कमी नाही, पीएच बघा.

फेरसचं द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी नको, डिस्टिल्डच वापरा. तापमान 30 अंश ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हा जिवाणू तग धरत नाही. बॅटऱ्या आणि कपॅसिटर दळण्याआधीच काढा.

सोन्याची घाई मात्र जिवावर बेतू शकते. या द्रावणात सोनं विरघळत नाही, ते भुकटीच्या उरलेल्या चोथ्यात राहतं. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा दुसरा जिवाणू ते सायनाइड तयार करून विरघळवतो, पण उरलेलं तांबं सायनाइड आधी गिळतं, आणि चोथ्यात आम्ल राहिलं तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. धुतलेल्या पाण्याचा पीएच उदासीन होईपर्यंत चोथा धुवा. ही पायरी फ्यूम हूडमध्ये (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात), जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. घरी कधीच नाही.