जुनी वस्तू विकताना पैसे कसे सांभाळाल?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून जुनी स्कूटर ऑनलाइन विकायला काढली की फोन येतो: "लष्करात आहे, न बघताच घेतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पैसे जमा होतील." तिथंच थांबा. स्कॅन करून यूपीआय पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. स्क्रीनवर ‘पे’ लिहिलेलं असतं, घाईत वाचायचं राहतं.

दुसरी चाल: "चुकून ५,००० ऐवजी ५०,००० गेले, परत पाठवा." मेसेज बँकेसारखा, पण पाठवणारा दहा आकडी मोबाइल नंबर! बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, मगच बोला. गाडी दिवसाउजेडी, रंकाळा तलावासारख्या वर्दळीच्या जागी दाखवा. किल्ली पैसे जमा झाल्यावरच द्या.

फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात.